मैदान चिखलात, मंगल कार्यालये कुलपात. मावळच्या बेसबॉलच्या पोरांनी सराव करायचा कुठे?

लोणावळा : जून सरला की मावळातल्या शाळांची मैदानं भातखाचरासारखी दिसायला लागतात. कुठे घोटाभर पाणी, कुठे शेवाळ, कुठे नुसता राडा. आणि शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक नेमकं याच दिवसांत हलायला लागतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, नोंदणी होते आणि ऑगस्टपासून जिल्हा पातळीवरचे सामने लागतात. कबड्डी-खोखोची पोरं कशीबशी व्हरांड्यात, समाजमंदिरात अंग मोकळं करून घेतात. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या पोरांचं मात्र सगळंच अडतं, कारण या खेळात बॅट फिरवायला जागा लागते आणि चेंडू अडवायला जाळी लागते.

यात एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. शालेय स्पर्धांमध्ये पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही महापालिका क्षेत्रं वेगळी धरली जातात. मावळची पोरं पुणे ग्रामीणमध्ये उतरतात. म्हणजे पहिली गाठ कुणाशी? बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या तालुक्यांशी. तिकडे जुलैत पाऊस पडला तर शेतकरी खूश होतो, मैदान मात्र दुसऱ्या दिवशी कोरडं असतं. इकडे लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलैच्या एखाद्या दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर पडून जातो. एकाच जिल्ह्यात, एकाच स्पर्धेत, एका संघाला अडीच महिन्यांचा सराव आणि दुसऱ्याला अडीच महिन्यांची सुट्टी. हा फरक मुलांच्या अंगातल्या ताकदीचा नाही, ढगांचा आहे. वडगाव-तळेगावकडे पाऊस लोणावळ्याच्या निम्म्याहून कमी, पण मैदान बिघडायला तेवढाही पुरतो.

पावसाला कुणी काही करू शकत नाही, हे खरं. पण छपराखालचा सराव नीट लावला तर हा तोटा बराच भरून निघतो. अडचण अशी की छपराखाली सराव म्हणून जे चालतं, त्यात पोरं बहुतेक वेळ उभी असतात.

बेसबॉलच का?

प्रश्न रास्त आहे. गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम मावळ तालुक्यातच आहे, गल्लीबोळात टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत, मग हा अमेरिकेचा खेळ कशाला? एक कारण सरळ हिशेबाचं आहे. क्रिकेटमध्ये गावातल्या पोराच्या पुढे हजारोंची रांग आहे. बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शाळा त्या मानाने थोड्या, त्यामुळे मेहनती पोरगं किंवा पोरगी विभाग आणि राज्य पातळीपर्यंत लवकर पोचू शकते. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातली रेश्मा पुणेकर भारताच्या महिला बेसबॉल संघातून खेळली आहे, हे उदाहरण दूरचं नाही.

दुसरं कारण दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचं. खेळाडू विद्यार्थ्यांना स्पर्धेच्या पातळीप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण राज्याने २००५ मध्ये दिलं, २०१६ मध्ये त्याचे नियम बदलले. कुठल्या खेळाला, कोणत्या पातळीला किती लाभ, हे अधूनमधून बदलतं. म्हणून पालकांनी ऐकीव माहितीवर न जाता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून चालू नियम बघून घ्यावा. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आल्यापासून पडताळणीही कडक झाली आहे.

याच गुणांनी एक वाईट सवयही लावली. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस संघ गोळा करायचा, टी-शर्ट छापायचे, दोन सामने खेळून यायचं. असा कागदावरचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडतो, आणि त्यात जे एखादं पोर खरोखर चांगलं असतं त्याचंही वर्ष जातं.

वरच्या पातळीवरही हालचाल आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत झालं, तिथेच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि क्रिकेट घ्यायचं ठरलं. बेसबॉलला तिथे फक्त सहा संघ, त्यामुळे भारत तिथे दिसेल अशी आशा आज कुणी दाखवू नये. पण खेळ ऑलिंपिकमध्ये असला की शाळेत त्याला साहित्य मागताना मुख्याध्यापक दोन मिनिटं तरी ऐकून घेतात.

एका पोराच्या वाट्याला चेंडू किती?

आता मूळ मुद्दा. सोळा पोरांचा संघ, दीड तासाचा वेळ, एक हॉल आणि एक जाळी, असं धरू. नेहमीची पद्धत अशी की एकजण चेंडू टाकतो, एकजण मारतो, बाकीचे भिंतीला टेकून उभे. प्रत्येकाला बारा चेंडू मिळाले तर एकूण १९२ चेंडू होतात. चेंडू टाकणे, मारणे, गोळा करणे धरून एका चेंडूला वीस सेकंद लागले तर चौसष्ट मिनिटं यातच गेली. सुरुवातीचा व्यायाम, हजेरी, बूट शोधणे यात उरलेला वेळ संपतो. म्हणजे एका पोराने दीड तासात चार मिनिटं सराव केला आणि बाकी वेळ मोबाईल बघितला किंवा एकमेकांना चिमटे काढले. पालकाला वाटतं पोरगं प्रॅक्टिसला गेलंय. गेलेलं असतं, पण सराव झालेला नसतो.

भाताची लावणी करताना एकजण लावतोय आणि पंधराजण बांधावर उभे, असं कुठला शेतकरी चालवून घेईल? आवणात उतरलेल्या प्रत्येकाच्या हाताला रोप लागतं. इथेही तसंच करता येतं. हॉलचे चार कोपरे करायचे, प्रत्येक कोपऱ्यात चार पोरं, पंधरा मिनिटांनी कोपरा बदलायचा. कोपऱ्यात एकजण मारतो, एकजण चेंडू देतो, एकजण गोळा करतो, एकजण वहीत खूण करतो. दहा चेंडू झाले की कामं फिरतात. पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या दोन पाळ्या आरामात होतात, म्हणजे वीस फटके. चार कोपरे मिळून ऐंशी. बाराच्या जागी ऐंशी, तेवढ्याच हॉलमध्ये, तेवढ्याच वेळात.

आधीची दहा मिनिटं अंग गरम करायला आणि शेवटची वीस मिनिटं सामन्यासारख्या खेळाला ठेवली तर दीड तास बरोबर भरतो. एकदाच बसवायला त्रास पडतो. पहिले दोन-तीन दिवस गोंधळ होतो, चेंडू एकमेकांच्या कोपऱ्यात जातात, भांडणं होतात. आठवड्याने पोरं स्वतःच शिट्टी मारून कोपरा बदलायला लागतात.

कोपऱ्यात काय करायचं?

पहिल्या कोपऱ्यात खांबावरचा चेंडू. याला टी म्हणतात. विकतचा घ्यायलाच पाहिजे असं नाही. जड लाकडी पाटावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करायचा, त्याच्या तोंडाशी रबरी होजचा तुकडा बसवायचा, झाला टी. रबर असल्याने बॅट खाली लागली तरी मोडत नाही. मोटारीच्या आणि ठिबकच्या जोडण्या करणाऱ्या घरात हे सामान पडलेलंच असतं.

टीवर चेंडू ठेवून मारणं सोपं वाटतं, म्हणून पोरं कंटाळतात. ती सोपी वाटते कारण चेंडू नेहमी एकाच जागी ठेवला जातो. अंगाजवळचा चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे गाठावा लागतो, मधला पुढच्या पायाच्या रेषेत, आणि बाहेरचा थोडा मागे येऊ देऊन उलट्या बाजूला मारावा लागतो. ही तीन ठिकाणं, आणि गुडघा, कंबर, छाती या तीन उंची, अशा नऊ जागा होतात. दिवसाला दोनच जागा घ्याव्यात. चेंडू जाळीत कुठे लागला ते बघायचं. सरळ, छातीच्या उंचीला लागला तर फटका चांगला. छताकडे गेला किंवा जमिनीत आपटला तर काहीतरी चुकलं.

मावळातल्या पोरांचा खास प्रश्न म्हणजे क्रिकेटची सवय. हात आधीच टेनिस बॉलवर तयार झालेले असतात. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडून येतो, बॅट सरळ ठेव म्हणून शिकवलेलं असतं, पुढचा पाय चेंडूकडे टाकायचा असतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता येतो, सगळे फुलटॉसच समजा. पुढचा पाय थोडासाच टाकायचा, मग कंबर फिरते, मागच्या पायाची टाच उचलून पाय वळतो, आणि हात सगळ्यात शेवटी येतात. ज्या पोराची कंबर आधी आणि हात नंतर येतात त्याचा चेंडू लांब जातो. नुसत्या हाताने मारणारा कितीही दणकट असला तरी जवळच पडतो. कुदळ मारणाऱ्याला हे लगेच कळतं, नुसत्या मनगटाने कुदळ मारली तर दहा घावांत हात भरून येतात.

दुसऱ्या कोपऱ्यात बाजूने उडवलेला चेंडू. देणारा मारणाऱ्याच्या पुढे तिरका, दोन-तीन मीटरवर, बॅटच्या टप्प्याबाहेर बसतो आणि खालून हलकेच चेंडू उडवतो. इथे फक्त मऊ चेंडू, म्हणजे भोकाचे प्लास्टिकचे किंवा जुने टेनिसचे. पोरांनी दोन मोज्यांचे गोळे करून शिवले तरी चालतात.

तिसरा कोपरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि क्रीडाशिक्षकाने उभं राहावं ते इथेच. समोरून चेंडू टाकायचा, पण कमी अंतरावरून. इथे एक साधं गणित आहे. मैदानावर पिचरपासून होम प्लेटपर्यंत १८.४४ मीटर असतात. पिचर पाय पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणजे चेंडूचा प्रवास साधारण १७ मीटर. ताशी १०० किलोमीटरने चेंडू आला तर मारणाऱ्याला ०.६ सेकंद मिळतात. आता हॉलमध्ये निम्म्या अंतरावरून, म्हणजे साडेआठ मीटरवरून, निम्म्या वेगाने, ताशी ५० किलोमीटरने चेंडू टाकला तरी वेळ तेवढाच, ०.६ सेकंद. डोळ्याला आणि हाताला जवळपास मैदानासारखीच घाई मिळते. म्हणजे लांबलचक हॉल नाही म्हणून सराव होत नाही, ही तक्रार अर्धीच खरी. मारणारा, टाकणारा आणि जाळी धरून बारा-तेरा मीटर लांबी पुरते. छोट्या समाजमंदिरातही एवढी जागा असते.

टाकणाऱ्याच्या पुढे मात्र आडोसा हवाच. पाइपची चौकट, तिला जाळी, आणि हात काढायला एका बाजूला वरचा भाग मोकळा. मऊ चेंडू असला तरी आडोशाशिवाय समोरून टाकायचं नाही. यात शिक्षकाने धाडस दाखवायची गरज नाही.

या कोपऱ्यात दुसरी गोष्ट शिकवायची ती म्हणजे न मारणं. बेसबॉलमध्ये चार बॉल सोडले तर फुकट पहिला बेस मिळतो. होम प्लेट ४३ सेंटीमीटर रुंद, आणि उंची गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत, एवढ्याच चौकटीतला चेंडू मारायचा. क्रिकेटच्या गल्लीत वाढलेल्या पोराला चेंडू सोडणं म्हणजे अपमान वाटतो. म्हणून दहातले चार चेंडू मुद्दाम बाहेर टाकायचे, आणि चेंडू निम्म्या वाटेत असतानाच पोराने मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. वहीत फटका किती लांब गेला ते नाही, निर्णय बरोबर किती आले ते लिहायचं. जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत पिचर बऱ्याचदा स्वतःच चुकतात. अशा वेळी बॅट आवरणारा संघ न मारता धावा करून जातो.

चौथ्या कोपऱ्यात मोठ्या फटक्यांना जागा लागत नाही. तिथे बंट, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता थांबवायचा, खडूने आखलेल्या चौकोनात. त्याच्याच बाजूला काठीने बाटलीची झाकणं मारायची. झाकण हवेत वळतं, बारीक असतं, त्यावर नजर बसली की चेंडू टोपलीएवढा दिसतो. लोणावळ्यात दर शनिवार-रविवारी पर्यटक जेवढ्या बाटल्या टाकून जातात, त्यात झाकणांची कमतरता कधी पडणार नाही.

मोबाईलचा उपयोगही इथेच. आठवड्यातून एकदा प्रत्येकाचे पाच फटके स्लो मोशनमध्ये बाजूने काढायचे आणि त्याचे त्यालाच दाखवायचे. तुझं डोकं हलतंय असं शंभरदा सांगून जे कळत नाही, ते एकदा बघून कळतं. व्हिडिओ शाळेच्या ग्रुपपुरते ठेवावेत, रिल्स करायच्या नादात सराव बुडतो. शिवाय मुलींचे व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय काढूच नयेत.

शेवटची वीस मिनिटं खेळाची. जाळीवर रंगीत रिबिनी बांधून भाग पाडायचे, कुठे एक बेस, कुठे दोन, कुठे बाद. दोन संघ करायचे. ‘तिसऱ्या बेसवर धावणारा आहे, एक बाद आहे, तुला काय करायचं?’ असं सांगून पोराला उभं करायचं. हरलेल्या संघाने चेंडू गोळा करायचे. या वीस मिनिटांसाठी पोरं पावसात भिजत येतात, आणि आधीची साठ मिनिटं त्यामुळेच नीट करतात.

रोज सराव करायची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, ऐंशी-नव्वद फटके पुरेत. ओल्या हाताने बॅट धरली की फोड येतात, आणि दमलेल्या पोराचा शंभरावा फटका चुकीची सवय लावतो. जुलैत लावणीमुळे पोरं गैरहजर राहतात, त्यावर रागावून उपयोग नाही. इंद्रायणीचं रोप पोरांच्या स्पर्धेसाठी थांबत नाही. चारच्या जागी तीन कोपरे करायचे आणि पुढे जायचं.

हॉल कुठून आणायचा?

शाळेला स्वतःचा मोठा हॉल असेल तर प्रश्न मिटला. बहुतेक ग्रामीण शाळांना नसतो. असला तर त्यात बाकं, जुनी कपाटं आणि निवडणुकीचं सामान असतं.

पण मावळात हॉल कमी नाहीत. महामार्गाच्या कडेने, तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत मंगल कार्यालयं आहेत. गावोगाव समाजमंदिरं आणि सभामंडप आहेत. आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात. आता पंचांगांत चातुर्मासातले गौण मुहूर्तही छापून येतात, साखरपुडे-वाढदिवस होत असतात, गणपतीत गर्दी असते. तरीही सोमवार ते गुरुवार दुपारी चार ते साडेपाच हे हॉल बंदच असतात. म्हणजे ज्या महिन्यांत मैदान मिळत नाही, नेमके त्याच महिन्यांत तालुक्यातली सगळ्यात मोठी छपरं रिकामी. दोन्हीची गाठ कुणी घालून देत नाही, एवढंच.

मालकांची भीतीही खोटी नाही. काचा फुटतील, ट्यूबलाइट जातील, टाईल्सला तडे जातील. त्याला उत्तर एकच, हॉलमध्ये खरा चेंडू आणायचाच नाही. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, कातडी आणि टणक, तो बंद जागेत नकोच. प्लास्टिकचा आणि टेनिसचा चेंडू काच फोडत नाही, आणि सरावाला तोच पुरतो. ॲल्युमिनियमच्या बॅटचा हॉलमध्ये ठणठणाट होतो, त्यापेक्षा लाकडी बॅट बरी.

जाळीचं कोडं तर मावळातल्या शेतकऱ्याला सोपं आहे. पवन मावळात आणि तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, शेडनेट आहेत. जुनं शेडनेट दुहेरी करून आढ्याच्या हुकांना सैल लोंबकळतं सोडलं की मऊ चेंडू त्यात मरून खाली पडतो. ताणून बांधलं तर चेंडू उलटा येतो, म्हणून सैलच हवं. उघड्यावर खऱ्या चेंडूला मात्र हे शेडनेट चालणार नाही, त्याला क्रिकेटच्या सरावाची नायलॉन जाळीच लागते.

अपघात होतो तो बहुतेक वेळा चेंडूने नाही, बॅटने होतो. चौघांच्या कोपऱ्यात एकाने बॅट फिरवली आणि दुसरा चेंडू उचलायला वाकला, की झालं. म्हणून मारणाऱ्याभोवती खडूने गोल काढायचा, आणि गोलात एकाच वेळी एकच माणूस. बॅट खाली ठेवल्याशिवाय कुणी चेंडू उचलायला जायचं नाही. डोक्याला हेल्मेट आतही पाहिजे. बाहेरून भिजून आलेले बूट दारात काढून कोरडे बूट घालायचे, कारण ओल्या टाईल्सवर कंबर वळवताना पाय सटकला तर गुडघा जातो. लाईट गेली तर सराव थांबवायचा, अंधारात ‘अजून दोन-दोन चेंडू’ नकोत.

समाजमंदिर आणि सभामंडप ग्रामपंचायतीच्या हातात असतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडू म्हटलं तर तोवर अर्धा हंगाम संपलेला असतो. मे-जूनच्या मासिक सभेतच शाळेचं पत्र गेलं पाहिजे, दिवस, वेळ, जबाबदार शिक्षकाचं नाव आणि नुकसान भरून देण्याची हमी लिहून. खासगी मंगल कार्यालयाला भाडं देणं शाळेला झेपत नाही. तिथे शाळा व्यवस्थापन समितीतल्या लोकांनी शब्द टाकावा. कार्यालयाचा मालक बऱ्याचदा गावातलाच असतो, त्याची नाहीतर त्याच्या भावाची पोरं त्याच शाळेत असतात.

वेळेचंही बघावं लागतं. आंदर मावळ, नाणे मावळातली पोरं शेवटच्या एसटीवर अवलंबून. सहा वाजेपर्यंत सराव लांबवला तर पोरीचे आईवडील दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. कामशेत, वडगाव, मळवली इथल्या पोरांना लोकल आहे, दुर्गम वाड्यांवरच्यांना नाही. शेवटच्या दोन तासिका आठवड्यातून तीन दिवस खेळाला मिळाल्या तर हा प्रश्न सुटतो. वेळापत्रकात खेळाच्या तासिका असतातच, पावसात त्या गणिताला जातात.

सरकारी पैसा आणि हुक

तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा राज्य सरकारने २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटी केली. संकुल म्हटलं की धावपट्टी, प्रेक्षागृह आणि बॅडमिंटनचा हॉल असं चित्र डोळ्यासमोर येतं. मावळसारख्या तालुक्यात पैसा आधी छपरावर गेला पाहिजे. सोलापूरच्या संकुलाचा नकाशा लोणावळ्याला लागू होत नाही. आणि हॉल बांधतानाच आढ्याला जाळीचे हुक, भिंतीतल्या दिव्यांना तारेची चौकट आणि न घसरणारी फरशी टाकली तर त्याचा खर्च एकूण खर्चात जाणवतही नाही. नंतर बसवायचं म्हटलं की वेगळा प्रस्ताव, वेगळं टेंडर.

तळेगाव, चाकण भागातल्या कारखान्यांच्या सामाजिक निधीतून शाळांना संगणक, बाकं, पाण्याच्या टाक्या मिळतात. बॅट, हेल्मेट आणि जाळ्या मागितल्या तर त्याही मिळू शकतात. पण मागणीपत्रात ‘क्रीडा साहित्य’ एवढंच लिहिलं की कॅरमबोर्ड येतात.

जपानकडे बघितलं तर हे सगळं नवीन नाही. तिथे शाळकरी पोरांची उन्हाळी बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून चालते, कोशियेन या मैदानाच्या नावाने ती ओळखली जाते. उत्तरेकडच्या बर्फाच्या प्रदेशातल्या शाळा तिथे कित्येक वर्षं मागे राहिल्या, कारण हिवाळ्यात त्यांची मैदानं बर्फाखाली. होक्काइडोच्या शाळेने ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली २००४ मध्ये. तोहोकू भागातल्या शाळेला तर २०२२ साल उजाडावं लागलं. आज जगातला सगळ्यात गाजलेला बेसबॉलपटू शोहेई ओतानी याच तोहोकूतल्या इवाते प्रांतातल्या शाळेत खेळून पुढे गेला. बर्फाचा प्रदेश मागे राहिला होता तो ताकदीत नव्हे, सरावाच्या दिवसांत. छपराखालचा सराव सुधारला तसं अंतर कमी झालं. अर्थात तिथे शाळांकडे पैसा आहे, पूर्णवेळ प्रशिक्षक आहेत. मावळात एकच क्रीडाशिक्षक कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतो आणि मधेच त्याला सरकारी कामाला जुंपतात. त्याच्याकडून चार कोपरे बघून होणार नाहीत. मागच्या वर्षी खेळून गेलेल्या अकरावी-बारावीच्या दोन पोरांना सोबत घेतलं तर होतील.

मुलींच्या सॉफ्टबॉलला हीच मांडणी चालते, चेंडू मोठा आणि अंतर कमी एवढाच फरक. काही ठिकाणी हॉल मिळाला की आधी मुलगे, वेळ उरला तर मुली, असं होतं. चार कोपऱ्यांच्या पद्धतीत दोन कोपरे मुलींना पहिल्या दिवसापासून देता येतात.

यंदाही आषाढी झाली की कार्यालयांच्या दारांना कुलपं लागतील आणि किल्ली मालकाच्या घरी खुंटीवर अडकवलेली असेल. पत्र घेऊन जाणाऱ्या शाळेला ती किल्ली मागायला साधारण चार महिने आहेत. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की हॉलची तारीख पुन्हा मिळत नाही. तोवर जिल्ह्याचे सामने होऊन गेलेले असतात.